कंदीलवालीचा उजवा गाल

काचेवर आपल्या श्वासाचा ढग उमटलेला पाहून तिने तो बाहीने पुसला आणि ती पुन्हा खाली वाकली. देखरेखीला बसलेल्या माणसाने काचेपासून लांब राहायला दुसऱ्यांदा सांगितलं. ती हो म्हणाली, पण जागची हलली नाही.

काचेखाली चित्रकथेचं मूळ पान होतं. छापलेलं नव्हे, चित्रकाराच्या हातचं, शाईने काढलेलं, चुकलेल्या रेघांवर पांढरा रंग फासलेलं. पुलाच्या कठड्याला टेकून कंदीलवाली उभी होती. तिसरा भाग, शेवटून दुसरं प्रकरण. अकराव्या वर्षी तिने हे चित्र पहिल्यांदा पाहिलं आणि त्यानंतर किती वेळा पाहिलं, याची मोजदाद तिच्यासारख्या मोजणाऱ्या बाईनेही ठेवली नव्हती. त्या चित्रात कंदील डाव्या हातात होता आणि भाजल्याचा डाग डाव्या गालावर. इथे कंदील उजव्या हातात होता. डागही उजव्या गालावर.

तिने पर्समधला छोटा घडीचा आरसा काढला, पानाच्या कडेला काटकोनात धरला आणि त्यात पाहिलं. आरशात तिचं लहानपण जसंच्या तसं होतं.

शेजारी कॉलेजातली एक मुलगी उभी होती. कंदीलवालीचाच वेश करून आली होती. उजव्या गालावर तपकिरी डाग अगदी मन लावून रंगवलेला. आरशाकडे पाहून ती ओळखीचं हसली.

"तुम्हीपण उलट्या आवृत्तीवर वाढलात वाटतं, काकू? माझी आईपण."

मग कोणी न विचारता तिने सगळं सांगून टाकलं. मूळ भाषेत पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याकडे पहिल्यांदा छापलं तेव्हा वाचणाऱ्यांचा गोंधळ नको म्हणून प्रकाशकाने एकूण एक पान आरशातल्यासारखं फिरवून घेतलं, आणि कुठे टीपसुद्धा दिली नाही. आता नवी आवृत्ती सरळ निघाली आहे, पण आईला पटत नाही. ती म्हणते, तुमचीच उलटी. एवढं बोलून मुलगी पुढच्या काचेकडे गेली.

काचेपाशी ती एकटी उरली. हातात दोनशे बारा नंबरचं टोकन होतं. फक्त या कन्व्हेन्शनपुरती, म्हणजे चाहत्यांच्या या मेळाव्यापुरती काढलेली कंदीलवालीची वीतभर मूर्ती, फिगर, तीन वाजता वाटायला सुरुवात होणार होती. एका माणसाला एकच, आणि बाहेरच्या कुठल्या दुकानात ती कधीच मिळायची नव्हती. आठ महिने ती या दुपारची वाट पाहत होती. तिने टोकन दारावरच्या बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडली. बाईंनी मागून हाक मारली, तीही तिला नीट ऐकू आली नाही.

बसमध्ये बसल्यावर तिने पर्स उघडून आरसा पुन्हा पाहिला आणि मिटवून टाकला.

औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत ती काम करायची. काही औषधांचे रेणू डावे आणि उजवे असे दोन तऱ्हांचे असतात, एकमेकांची आरशातली रूपं. एक आजार बरा करतो, दुसरा नुसताच पोटात जातो, क्वचित अपायही करतो. नळीत द्रावण भरायचं, त्यातून प्रकाश सोडायचा आणि तो कोणत्या बाजूला वळतो ते पाहून सही करायची, हे तिचं रोजचं काम. एकवीस वर्षांत चुकीच्या बाजूची एकही बाटली तिच्या हातून पुढे गेली नव्हती. ही गोष्ट ती कधी कोणाला सांगत नसे, पण ती मनात असायची, अंगावरच्या कोऱ्या कपड्यासारखी.

मंडळात तिला दादाने नेलं होतं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी छापखान्याच्या वरच्या खोलीत दहा-बारा जण जमत. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा वाचणारे, त्यावरच्या कार्टून मालिका म्हणजे अ‍ॅनिमे पाहणारे, फिगर जमवणारे. त्यात एक गणिताचे मास्तर होते, एक केस कापणारा होता, बँकेतली एक बाई होती. वहिनी एकदा दादाच्या आग्रहाखातर कन्व्हेन्शनच्या रांगेत उभी राहिली होती आणि दोन तासांनी पुढच्या माणसाला विचारत होती की डॉक्टर नक्की आत आहेत ना. घरोघरी अशी थट्टा सोसलेली ही मंडळी, म्हणून एकमेकांना धरून होती. आणि भांडायची तर इतकी की खालचा छापखानेवाला वर येऊन बघून जायचा.

तिथे तिचं नाव 'पुरावा' पडलं. कोणी काही म्हणालं की ती शांतपणे विचारायची, कुठला भाग, कुठलं पान.

सगळ्यांत जुना वाद कंदीलवालीच्या गालाचा. अ‍ॅनिमेत डाग उजवीकडे होता आणि पुस्तकात डावीकडे. निम्मे म्हणत, अ‍ॅनिमेवाल्यांनी मनाला येईल तसं बदललं, मूळ ते मूळ. उरलेले म्हणत, गाल कुठला का असेना, गोष्ट तर तीच आहे ना. ती पहिल्या बाजूची सेनापती होती. तिने सोळाही भाग पुन्हा वाचून पात्रं मोजली होती. शंभरातली जवळपास नव्वद माणसं डाव्या हाताने जेवत होती, लिहीत होती, तलवार चालवत होती. सदऱ्यांची बटणंसुद्धा उलट्या बाजूला होती. यावरून तिने 'डावखुऱ्यांचं जग' नावाचा लेख लिहिला: लेखकाने मुद्दाम एक असं जग उभं केलं आहे, जिथे आपल्याकडे जे थोडे ते तिथे बहुसंख्य आहेत. मंडळात तिने तो वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टोपीवाल्याच्या.

टोपीवाला हा दादाचा शाळेपासूनचा मित्र. लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बारा महिने डोक्यावर लोकरी टोपी घालायचा. सहा वर्षांपूर्वी त्याने रजा टाकली, दोन दिवसांचा प्रवास केला आणि एका लांबच्या मोठ्या कन्व्हेन्शनमधून कंदीलवालीच्या दोन फिगर आणल्या. एका माणसाला एकच मिळायची, म्हणून पहिल्या दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेपासून रांग लावली. एक स्वतःसाठी, एक दादासाठी. खोक्यावर लिहिलं होतं, 'मूळ पुस्तकाबरहुकूम'. सगळ्यांच्या देखत खोकं उघडलं, आणि डाग उजव्या गालावर निघाला.

तिने दादाची फिगर पंधरा दिवसांसाठी मागून घेतली. वजन केलं, अकरा ठिकाणी मोजली, तळपायाला द्रावकाचा एक थेंब लावून रंग किती सुटतो ते पाहिलं. तिसऱ्या रविवारी तिने तक्ता भिंतीला चिकटवला. खोक्यावर 'पुस्तकाबरहुकूम' आहे. पुस्तकात डाग डावीकडे आहे. फिगरवर तो उजवीकडे आहे. म्हणून फिगर नकली. थेंबाने थोडा रंग सुटला होता, तो मुद्दा तिने शेवटी, जोडीला म्हणून मांडला.

दादा दातांच्या लॅबमध्ये काम करायचा, कॅपा आणि कवळ्या बनवायचा. तो एवढंच म्हणाला होता की अस्सल फिगरचा साचा घेऊन नक्कल केली असती तर गालाची बाजू बदलली नसती. साच्यात दात ओततो तो रोज, डावी दाढ कधी उजवी होऊन निघत नाही. त्यावर ती म्हणाली की त्यांनी साचा घेतलाच नसेल, उलट्या छापलेल्या फोटोवरून घडवली असेल.

टोपीवाला तक्त्यासमोर येऊन उभा राहिला.

"अगं, मी रांगेत उभा होतो," तो म्हणाला. "त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं."

"हा पुरावा होत नाही."

कोणीतरी म्हणालं, टोपीवाल्यालाच टोपी घातली की कुणी. खोली हसली. तीही हसली. दादाने आपलं खोकं उचललं आणि त्याच्यासमोर सरकवलं. टोपीवाल्याने दोन्ही खोकी पिशवीत ठेवली, टोपी कानांवर ओढली आणि तो जिना उतरून गेला. त्यानंतर तो मंडळात आला नाही.

बसमधून उतरून लॅबपर्यंत चालताना तिने वाक्यं जुळवली. आधी काय पाहिलं ते सांगायचं, मग त्याचा अर्थ, मग आपली चूक. तिन्ही वाक्यं छोटी होती.

लॅब म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पहिल्या खोलीत फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली पेशंटच्या नावाची चिठ्ठी. आतल्या खोलीत दादा खिडकीपाशी बसला होता. समोर छोटी ज्योत, हातात मेणाची सुरी, डोळ्यांवर भिंग. मोबाइल एका जबड्याला टेकवून उभा केलेला.

"काय शास्त्रीणबाई, आज तर कन्व्हेन्शन ना? रांगेतून हाकललं की काय?"

ती स्टुलावर बसली. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवेना.

"दादा, कंदीलवालीचा डाग उजव्या गालावर आहे."

त्याने सुरी ज्योतीवर धरली, मेणाचा थेंब दाढेवर सोडला आणि फुंकर घातली.

"हं."

"मुळात. मी आज मूळ पान पाहिलं. आपल्या आवृत्तीत त्यांनी..."

"पानं फिरवली आहेत. माहितीये."

मोबाइल थरथरला आणि जबडा थोडा सरकला. दादाने तो न पाहताच जागेवर लावला.

"कधीपासून माहितीये?"

"चार वर्षं झाली असतील. मास्तरांच्या भाच्याने तिकडून मूळ पुस्तक आणलं होतं. मास्तरांनी मला दाखवलं."

"मग मास्तरांनाही माहितीये."

"सगळ्यांनाच. एकेक करत कळलं."

खालून रस्त्यावरून कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. चार वर्षं म्हणजे अठ्ठेचाळीस तिसरे रविवार, त्यातले दोन-चार चुकलेले. त्या खोलीत ती बोलायची आणि सगळे मान डोलवायचे. वाद होत नसत. छापखानेवाला वर यायचा बंद झाला होता. तिला वाटायचं, मंडळी वयाने निवली. कधीकधी असंही वाटायचं की आपल्यामुळे त्यांना शिस्त लागली. मागच्याच महिन्यात तिने 'डावखुऱ्यांच्या जगा'चा उल्लेख केला होता, आणि बँकेतल्या बाईने घाईघाईने बिस्किटांचा डबा पुढे केला होता.

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तुला कोण सांगणार?"

तो हे रागाने म्हणाला नाही. एखाद्या दाताचा रंग सांगावा तसं म्हणाला.

"मी मानलं असतं, दादा. पुरावा समोर असता तर मी लगेच मानलं असतं."

"मानलं असतंस. त्याबद्दल कोणाला शंका नव्हती." त्याने भिंग कपाळावर सरकवलं आणि तिच्याकडे पाहिलं. "पण कुठला भाग, कुठलं पान, कुठली छपाई, ह्यातून जावं लागलं असतं ना गं. माणसं दिवसभर काम करून येतात. दमतात."

मग तिने विचारलं की टोपीवाल्याला कळलं का.

दादाने थोडं थोडं करून सांगितलं. त्याला मास्तरांनी पुस्तक दाखवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो टोपीवाल्याला शोधत गेला. टोपीवाला एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता. दादाने वरूनच सांगायला सुरुवात केली, तर टोपीवाला म्हणाला, आधी बॅटरी धर. तासभर त्याने दादाला बॅटरी धरायला लावली, आणि दादा तासभर खड्ड्यात प्रकाश पाडत माफी मागत होता. मग दोघांनी चहा घेतला. कन्व्हेन्शनच्या त्या फिगर टोपीवाल्याने कधीच कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या; घरात नजरेसमोर नको वाटत होत्या म्हणे.

"मी म्हणालो होतो त्याला, की तिला सांगतो, ती येईल तुझ्याकडे. तोच नको म्हणाला. म्हणाला, जाऊ दे, लहानपणचं पुस्तक आहे तिचं. कशाला मोडायचं."

ती उठून खिडकीपाशी गेली. खिडकीत वाळायला ठेवलेल्या दोन कवळ्या होत्या. तिने एक उचलली, मग ती आपण का उचलली हे न कळून परत ठेवली.

"माझ्यामुळे तुझा मित्र गेला होता," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही." दादाने ज्योत विझवली. "तू तक्ता लावलास. खोकं मी सरकवलं त्याच्यासमोर. साच्यात बाजू बदलत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सगळे बघत होते, आणि तू माझी बहीण."

मोबाइल पुन्हा थरथरला, लागोपाठ तीनदा. या वेळी जबडा कलंडला आणि मोबाइल टेबलावर उताणा पडला. तिने तो सावरायला हात पुढे केला, तेव्हा पडद्यावर नाव दिसलं. 'उजवा गाल'. त्याखाली मास्तर, बँकेतली बाई, केस कापणारा, आणि एका लोकरी टोपीचा फोटो.

दादाने मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला नाही. लपवाछपवी त्याला कधी जमली नव्हती.

"हा दुसरा ग्रुप आहे," तो म्हणाला.

"दिसतंय."

"त्यात काही विशेष नसतं. भांडतात नुसते."

"रोज?"

"रोज. सकाळी उठल्यापासून." त्याच्या तोंडावर नकळत हसू आलं आणि त्याने ते आवरलं. "मास्तरांना तर परवा शेवटी सुनेने मोबाइल काढून घेतला."

तिलाही हसू आलं, पण उशिरा, आणि ते तिथेच अडकलं. मास्तरांना ती गेली चार वर्षं फक्त मान डोलवताना पाहत होती.

"मी त्याच्याकडे जाऊ का?" तिने विचारलं.

"काय सांगशील?"

"चुकले म्हणून. पानं फिरवलेली होती, टीप दिलेली नव्हती, त्यामुळे..."

"चुकले, एवढंच सांग," दादा म्हणाला. "पुढचं नको."

तिने मान हलवली. दादाने मेणाचे तुकडे गोळा करून डबीत टाकले, टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. मग त्याने विचारलं, आज कशावरून जुंपलीये, ऐकायचंय का. शेवटच्या पुलावर कंदील कसा विझतो यावरून. टोपीवाला लिहीत नाही, हात तेलकट असतात त्याचे, बोलून पाठवतो.

ती पुन्हा स्टुलावर बसली. दादाने बटण दाबलं.

आधी कुठलंसं यंत्र घरघरलं, मग लोखंडावर काहीतरी आपटलं, आणि मग सहा वर्षांनी तो आवाज आला, थोडा जाड झालेला, धाप लागलेला. टोपीवाला म्हणत होता की कंदील वाऱ्याने विझतो, यात वाद घालण्यासारखं आहे काय. बाराव्या भागात स्वच्छ दाखवलंय, म्हाताऱ्या नावाड्याने दिलेला कंदील आहे तो, वारा आला आणि गेला विझून, संपलं. ज्याला पटत नसेल त्याने इथे येऊन भांडावं. मी सहाव्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद आहे, जिन्याने या.

भाग बारावा नव्हता, चौदावा होता, हे तिच्या मनात लगेच आलं. कंदील नावाड्याने दिलेला नव्हता, मोठ्या बहिणीचा होता. आणि वारा नव्हताच. पुलामागच्या घराच्या खिडकीतला पडदा तिन्ही चित्रांत सरळ लोंबत होता, म्हणजे कंदीलवालीने तो स्वतः फुंकर घालून विझवला होता. दादाचा अंगठा बोलायच्या बटणावर जाऊन थांबला. तो तिच्याकडे बघत होता.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.